घरांसाठीच्या कर्जरोख्यांवर मत देण्यापूर्वी: कॅलिफोर्नियातील मराठी मतदारांसाठी

मार्च 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील मतदारांच्या हाती जी मतपत्रिका आली, तिच्यावर राज्यव्यापी प्रश्न एकच होता. मानसिक आजार आणि व्यसन यांवरील उपचारकेंद्रे उभारण्यासाठी व बेघरांना घरे देण्यासाठी राज्याने 6.38 अब्ज डॉलर्सचे कर्जरोखे काढावेत का, असे त्यात विचारले होते. ‘प्रॉप वन’ (म्हणजे ‘प्रपोझिशन वन’, प्रस्ताव क्रमांक एक) या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रस्तावावर सुमारे 72 लाख मतदारांनी कौल दिला, होकार 50.18 टक्क्यांवर थांबला, आणि दोन्ही बाजूंमधील फरक 30 हजार मतांच्या आत राहिला. निकालाचा अंदाज बांधायलाही पंधरवडा लागला. एवढ्या मोठ्या राज्यात इतक्या थोड्या मतांवर तीस वर्षांचे कर्ज ठरते, म्हणून अशा प्रश्नासमोरची जागा कोरी सोडणे किंवा शीर्षक वाचून घाईने खूण करणे मला पटत नाही.

आपल्यापैकी बरेच जण नेमके तेच करतात. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीवर घरोघर तावातावाने बोलणे होते, परंतु मतपत्रिकेच्या उत्तरार्धातील प्रस्तावांपाशी पोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो. गेली काही वर्षे मी निवडणुकीच्या आधीच्या एका रविवारी ओळखीच्या चार-पाच कुटुंबांबरोबर बसून राज्याची मतदार माहितीपुस्तिका वाचते. घरबांधणीसाठीचे कर्जरोखे कसे वाचावेत याची जी पद्धत त्या बैठकांतून हळूहळू तयार झाली, ती इथे मांडते. उदाहरण मुख्यतः 2024 च्या प्रस्तावाचे घेते, कारण त्यात या विषयातील जवळजवळ सगळ्या गुंतागुंती एकत्र आल्या होत्या.

आधी आपला हक्क तपासावा

मतदानाचा हक्क अमेरिकी नागरिकांनाच आहे. एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर राहणाऱ्यांनी मतदार म्हणून नोंदणी करू नये, मग त्यांनी येथे कितीही वर्षे कर भरलेला असो. वाहन परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना मतदारनोंदणीचा प्रश्न समोर येतो. तिथे चुकून होकार दिला गेला तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोठी अडचण उभी राहू शकते, म्हणून तो प्रश्न नीट वाचूनच उत्तर द्यावे. नागरिक झालेल्यांनी निवडणुकीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत नोंदणी करावी. ती मुदत हुकली तरी मतदानकेंद्रावर किंवा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन सशर्त नोंदणी करता येते व तेथेच मतही देता येते.

कॅलिफोर्निया राज्य आपली मतदार माहितीपुस्तिका हिंदीतही काढते, ही गोष्ट आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते. मराठीत ती निघत नाही. ज्यांना कायद्याचे इंग्रजी जड जाते, त्यांच्यासाठी, विशेषतः मुलांकडे येऊन स्थायिक झालेल्या आणि पुढे नागरिकत्व घेतलेल्या ज्येष्ठांसाठी, हिंदी प्रत वेळेवर मागवून ठेवावी. आमच्या बैठकीत येणाऱ्या काकू तीच प्रत घेऊन बसतात. त्यांनी पुण्यात आयुष्यभर सहकारी बँकेत काम केले आहे, आणि कर्जाच्या कागदाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे मी त्यांच्याकडून शिकले.

पुस्तिका कोणत्या क्रमाने वाचावी

पुस्तिकेत प्रत्येक प्रस्तावाचे चार भाग असतात. राज्याच्या अॅटर्नी जनरलने तयार केलेले शीर्षक व सारांश, विधिमंडळाच्या निःपक्ष आर्थिक विश्लेषकाच्या कार्यालयाने केलेले विश्लेषण, बाजूने आणि विरोधात मांडलेले युक्तिवाद, आणि शेवटी कायद्याची संपूर्ण संहिता. बहुतेक लोक शीर्षक वाचतात, युक्तिवाद चाळतात आणि थांबतात. माझा आग्रह आहे की सुरुवात विश्लेषणापासून करावी, त्यानंतर संहितेतील मोजकी कलमे पाहावीत, आणि युक्तिवाद सर्वांत शेवटी वाचावेत.

या आग्रहाचे कारण पुस्तिकेतच छापलेले आहे. युक्तिवादांच्या पानाच्या तळाशी लिहिलेले असते की ही लेखकांची मते असून कोणत्याही शासकीय कार्यालयाने त्यांची सत्यता तपासलेली नाही. विश्लेषकाच्या कार्यालयावर मात्र हिशेब मांडण्याची जबाबदारी असते. त्याला कोणाला जिंकवायचे नसते. त्या पानांवरची भाषा रूक्ष असते, परंतु आपल्याला हवे असलेले आकडे तिथेच असतात. युक्तिवाद आधी वाचले की मन एका बाजूला कलते आणि पुढचे आकडे त्या बाजूने वाचले जातात, हे मी आमच्याच बैठकीत पाहिले आहे.

संहिता पूर्ण वाचणे कोणालाही शक्य नसते. 2024 च्या प्रस्तावाची संहिता साठाहून अधिक पानांची होती. तरीही कर्जरोख्यांची रक्कम कशी विभागली जाणार हे सांगणारी कलमे शोधून वाचावीत, कारण ‘बेघरांसाठी 6.38 अब्ज’ असे जे बोलले जात होते, त्याचा खरा अर्थ तिथे उलगडत होता. या रकमेपैकी सुमारे 4.4 अब्ज डॉलर्स मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या उपचारकेंद्रांसाठी होते. घरांसाठीचा वाटा सुमारे 2 अब्जांचा, आणि त्यातही निम्म्याहून थोडा अधिक भाग माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेला होता. म्हणजे जो मतदार ही रक्कम घरांची समजून मत देत होता, तो प्रत्यक्षात दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम उपचारांच्या इमारतींसाठी देत होता. त्यात काही वाईट नाही. त्या इमारतींची गरज खरीच आहे. परंतु आपण कशासाठी हो म्हणतो हे माहीत असावे.

क्रमांकांवर विसंबू नये, हेही इथेच सांगते. 2018 मध्येही घरबांधणीच्या कर्जरोख्यांचा एक ‘प्रॉप वन’ होता, 2024 चा वेगळा, आणि मधल्या 2022 च्या ‘प्रॉप वन’चा घरांशी काही संबंधच नव्हता. जुन्या लेखांतील किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरातील क्रमांक पाहून गल्लत होते, म्हणून नेहमी क्रमांकाबरोबर वर्ष आणि महिना पाहावा.

हे कर्ज कोणत्या खिशातून फिटणार

काकूंनी पुस्तिका उघडल्यावर विचारलेला पहिला प्रश्न असा होता: “हे कर्ज कोणाच्या खात्यावर चढणार? आपल्या घरावर तर नाही ना?” माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली या प्रश्नात आहे.

महाराष्ट्र सरकार बाजारातून कर्ज उभारते ते रिझर्व्ह बँकेने घेतलेल्या लिलावातून, आणि पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे रोखे काढले तेव्हाही त्यावर पुणेकरांचे मतदान झाले नव्हते. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने मात्र राज्याच्या सर्वसाधारण हमीवर काढलेल्या अशा कर्जाला मतदारांच्या संमतीची अट घातलेली आहे. विधिमंडळाने दोन-तृतीयांश मतांनी प्रस्ताव मतदारांपुढे ठेवायचा आणि मतदारांनी साध्या बहुमताने तो मान्य किंवा अमान्य करायचा, अशी रीत आहे. रोखे विकून आज एकरकमी पैसा हाती येतो, आणि पुढील कित्येक वर्षे मुद्दल व व्याज मिळून हप्ते भरावे लागतात. गृहकर्ज घेतलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेगळेपण आहे ते हप्ता कोण भरणार यात.

2024 च्या प्रस्तावातील हप्ता राज्याच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे मुख्यतः आयकर आणि विक्रीकर जमा होतो त्या तिजोरीतून, भरायचा होता. विश्लेषकाचा अंदाज वर्षाला सुमारे 31 कोटी डॉलर्सचा, तोही तीस वर्षे. काकूंनी पेन्सिलीने समासात गुणाकार मांडला: 310 दशलक्ष गुणिले 30, म्हणजे 9.3 अब्ज. त्याखाली मुद्दल 6.38 वजा केले आणि 2.92 या आकड्याभोवती गोल केला. हे व्याज. नंतर त्यांनी विश्लेषणातील पुढचे वाक्य दाखवले, की हा वार्षिक हप्ता राज्याच्या सर्वसाधारण निधीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवावेत. विरोधक पहिला सांगतात, समर्थक दुसरा. या हप्त्यासाठी घरावरचा मालमत्ता कर वाढत नाही; परंतु तीस वर्षे दरसाल तेवढी रक्कम शाळा, आरोग्य, विद्यापीठे यांच्यासाठी त्या तिजोरीत उपलब्ध नसते.

प्रत्येक प्रस्तावात खिसा तोच असतो असे मात्र नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये घरांसाठीचे दोन प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर होते आणि दोन्ही मंजूर झाले. त्यातील ‘प्रॉप वन’ 4 अब्ज डॉलर्सचा होता. त्यापैकी 3 अब्ज परवडणाऱ्या घरांच्या निरनिराळ्या योजनांसाठी होते व ते सर्वसाधारण निधीतून, वर्षाला सरासरी 17 कोटी डॉलर्स याप्रमाणे 35 वर्षांत फेडायचे होते. उरलेला 1 अब्ज माजी सैनिकांना घरे घेण्यासाठी कर्जाऊ द्यायचा होता, आणि त्याची परतफेड त्या सैनिकांच्याच हप्त्यांतून व्हायची होती. करदात्यावर त्याचा बोजा अपेक्षित नव्हता. ‘प्रॉप टू’ 2 अब्ज डॉलर्सचा, गंभीर मानसिक आजार असलेल्या बेघरांच्या घरांसाठीचा. त्याचे हप्ते, वर्षाला कमाल 14 कोटी डॉलर्सपर्यंत, 2004 च्या ‘प्रॉप 63’ ने बसवलेल्या करातून जायचे होते. तो कर 10 लाख डॉलर्सच्या वरील वैयक्तिक उत्पन्नावर 1 टक्का असा आहे आणि त्याचा पैसा मुळात मानसिक आरोग्यसेवेसाठी आहे. म्हणजे एकाच दिवशी, एकाच कागदावर, कर्ज फेडणारे तीन निरनिराळे खिसे होते. ‘घरांसाठी कर्जरोखे’ एवढेच वाचून हा फरक कळत नाही.

किती घरे, आणि कोणाची

पैशाच्या बाजूनंतर घरांची बाजू पाहावी. 2024 च्या विश्लेषणात म्हटले होते की या रकमेतून जास्तीत जास्त 4,350 घरे उभी राहतील, त्यांपैकी 2,350 माजी सैनिकांसाठी, आणि उपचारकेंद्रांत एका वेळी सुमारे 6,800 लोकांची सोय होईल. जानेवारी 2023 च्या एका रात्रीच्या गणतीत कॅलिफोर्नियात 1,81,000 हून अधिक लोक बेघर आढळले होते, त्यांत दहा हजारांवर माजी सैनिक. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रस्तावाचा आवाका कळतो. मला स्वतःला 4,350 हा आकडा लहान वाटत नाही, कारण प्रत्येक घरामागे रस्त्यावरून उठून दाराला आतून कडी लावून झोपू शकणारा एक माणूस आहे. परंतु प्रचारात जेव्हा या प्रस्तावाने बेघरांचा प्रश्न सुटेल असे सुचवले जाते, तेव्हा तो दावा आकड्यांना धरून नसतो, आणि पाच वर्षांनी तंबू तसेच दिसले की लोकांचा विश्वास उडतो. ‘जास्तीत जास्त’ या शब्दांवर तर नेहमीच बोट ठेवून वाचावे.

मग रक्कम भागिले घरे असा हिशेब करून लोक चकित होतात. 2 अब्जांना 4,350 ने भागले की एका घराला साडेचार लाख डॉलर्सच्या वर खर्च दिसतो. या भागाकाराने फार अनुमाने काढू नयेत, कारण परवडणाऱ्या घरांची इमारत एकाच पैशावर क्वचितच उभी राहते. राज्याचे कर्ज, केंद्राची करसवलत, काउंटीचे अर्थसाहाय्य, शहराने दिलेली जमीन आणि बँकेचे कर्ज असे पाच-सहा धागे एकत्र आणावे लागतात. अशा एखाद्या बांधकामाच्या कुंपणावरील फलक जवळ जाऊन वाचावा. विकासकाच्या नावाखाली अर्थसाहाय्य करणाऱ्यांची भली मोठी यादी असते, आणि त्यातील प्रत्येकाच्या अटी, अर्ज व तपासण्या वेगळ्या. त्यामुळे वेळ जातो, आणि वेळ जातो तसा खर्च वाढतो. राज्यापाशी रोख्यांचा पैसा तयार असला की या धाग्यांतील एक धागा लवकर हाती येतो व त्याच्या आधारावर केंद्राची करसवलतही मिळवता येते, हे समर्थकांचे म्हणणे मला योग्य वाटते.

तरीही खर्चाचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. लॉस एंजलिस शहराने 2016 मध्ये ‘मेझर एचएचएच’ या नावाच्या प्रस्तावाने 1.2 अब्ज डॉलर्सचे रोखे मंजूर केले, उद्दिष्ट दहा वर्षांत सुमारे 10,000 घरांचे होते. 2022 मध्ये शहराच्या लेखापालांनी जी तपासणी प्रसिद्ध केली, तीत एका इमारतीत प्रत्येक घराचा खर्च 8 लाख 37 हजार डॉलर्सच्या जवळ गेल्याचे आढळले. याउलट, 2020 मध्ये महामारीच्या काळात सुरू झालेल्या ‘होमकी’ योजनेत राज्याने मोटेल व हॉटेले विकत घेऊन त्यांची घरे केली, आणि नव्या बांधकामापेक्षा ते काम बरेच लवकर झाले. म्हणून संहितेत आणखी एक गोष्ट शोधावी: पैसा नव्या बांधकामालाच बांधलेला आहे, की असलेल्या इमारती घेऊन त्यांचे रूपांतर करण्याचीही मुभा आहे? 2024 च्या प्रस्तावात ती मुभा होती, आणि त्यातील घरांचा वाटा पुढे ‘होमकी प्लस’ या योजनेमार्फतच दिला जाऊ लागला.

‘परवडणारे’ या शब्दाचाही नेमका अर्थ पाहावा. येथे तो काउंटीच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात, त्या आकड्याच्या) टक्केवारीत मोजला जातो: 80 टक्क्यांपर्यंत अल्प उत्पन्न, 50 पर्यंत अत्यल्प, 30 पर्यंत त्याहूनही बिकट. सँटा क्लारा काउंटीत 2024 मध्ये चार माणसांच्या कुटुंबासाठी हे मध्यम उत्पन्न 1,80,000 डॉलर्सच्या वर होते. म्हणजे आपल्या मुलांना शिकवणारी शिक्षिका, दवाखान्यातील मदतनीस, किराणा दुकानातील कामगार हे त्या हिशेबात अल्प उत्पन्न गटात सहज येतात. एखादा प्रस्ताव बेघरांसाठी आहे, की कामाला जाऊनही भाडे न पेलणाऱ्या कुटुंबांसाठी, हे या टक्केवारीवरून कळते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्या एक नाहीत, आणि एकीच्या नावावर दुसरीसाठी मत मागितले जाऊ नये.

प्रस्तावाच्या पोटातील दुसरा प्रस्ताव

इथे मी सर्वांत जास्त थांबते, आणि वाचकांनीही थांबावे असे मला मनापासून वाटते. 2024 च्या ‘प्रॉप वन’ मध्ये कर्जरोखे हा अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा भाग वर उल्लेखिलेल्या ‘प्रॉप 63’ च्या कराचा पैसा कसा खर्च व्हावा याचे नियम बदलत होता. हा कर वर्षाला साधारण 2 ते 3.5 अब्ज डॉलर्स देतो व त्यातील बहुतांश काउंट्यांकडे जातो. प्रस्तावाने राज्याचा वाटा 5 वरून 10 टक्क्यांपर्यंत नेला, त्यामुळे वर्षाला सुमारे 14 कोटी डॉलर्स काउंट्यांकडून राज्याकडे वळणार होते. शिवाय काउंट्यांनी आपल्या वाट्यातील 30 टक्के रक्कम घरांवर खर्च करावी आणि त्यातील निम्मी दीर्घकाळ बेघर असलेल्यांसाठी असावी, असे बंधन आले.

करात एका पैशाचीही वाढ नव्हती. म्हणजे घरांकडे जाणारी ही वाढीव रक्कम आधीच चालू असलेल्या कुठल्यातरी सेवेतून निघणार होती: एखाद्या समुपदेशन केंद्रातून, संकटात सापडलेल्यांसाठीच्या फोनसेवेतून, शाळकरी मुलांसाठीच्या कार्यक्रमातून. मानसिक आरोग्य क्षेत्रातील संस्थांतच या मुद्द्यावर फूट पडली होती. मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांची ‘नामी कॅलिफोर्निया’ ही संघटना बाजूने होती, तर ‘डिसअॅबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया’ आणि ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ विरोधात. विरोधकांचा आणखी एक आक्षेप असा होता की विधेयकात शेवटी झालेल्या बदलांमुळे रोख्यांचा पैसा, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवणाऱ्या बंदिस्त केंद्रांनाही मिळू शकेल. हे आक्षेप पैसा वाचवू पाहणाऱ्यांचे नव्हते; त्याच रुग्णांसाठी आयुष्यभर काम करणाऱ्यांचे होते, म्हणून त्यांना वजन द्यावे लागते.

मी त्या वेळी होकारार्थी मत दिले. रस्त्यावर भ्रमिष्टावस्थेत फिरणाऱ्या माणसाला औषध मिळाले तरी रात्री झोपायला दार नसेल तर ते औषध टिकत नाही, असे माझे मत आहे. परंतु दुसऱ्या भागाबद्दलची अस्वस्थता मी लपवत नाही. मतपत्रिकेवर दोन भागांसाठी दोन वेगळ्या खुणा करण्याची सोय नसते. एकच मत दोन्हींना लागू पडते. म्हणून प्रत्येक कर्जरोख्याच्या प्रस्तावात ‘सध्याच्या महसुलाचे स्थलांतर’ अशा अर्थाचे शब्द आले आहेत का, हे सारांशाच्या आर्थिक परिणामाच्या ओळीत पाहावे. 2024 मध्ये ते शब्द मतपत्रिकेवरच होते, आणि तरी आमच्या बैठकीतील निम्म्या लोकांच्या नजरेतून निसटले होते.

रोख्यांच्या पैशाची आणखी एक मर्यादा आहे. त्यातून भिंती उभ्या राहतात, इमारती विकत घेता येतात. पण तिथे पुढे रोज लागणारा समाजसेवक, परिचारिका, रात्रपाळीचा माणूस यांचा पगार त्यातून देता येत नाही. बेघरांच्या घरांमध्ये या सेवा नसतील तर माणसे टिकत नाहीत. तेव्हा चालवण्याचा खर्च कोठून येणार याचे उत्तर संहितेत असावे, नसेल तर ती मोठी उणीव समजावी. हिशेब कोण ठेवणार हेही पाहावे. राज्याच्या लेखापरीक्षकाने एप्रिल 2024 मध्ये दिलेल्या अहवालानुसार, 2018-19 पासूनच्या पाच आर्थिक वर्षांत राज्याने बेघरपणाच्या प्रश्नावर सुमारे 24 अब्ज डॉलर्स खर्च केले, परंतु त्या खर्चाचा परिणाम काय झाला याची सातत्याने नोंद ठेवली गेली नाही. हा अहवाल प्रस्ताव मंजूर झाल्यानंतर महिनाभराने आला. पुढच्या खेपेला तो हाताशी ठेवून संहितेतील लेखापरीक्षणाची कलमे वाचावीत.

शहर किंवा काउंटीचा प्रस्ताव असेल तर

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर इथे बदलते. स्थानिक कर्जरोखे बहुधा मालमत्ता करातून फेडले जातात, म्हणजे ते खरोखरच आपल्या घराच्या कराच्या बिलात दिसतात. त्यामुळेच त्यांना साधे बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश मते लागतात. शाळांच्या रोख्यांना 2000 पासून 55 टक्के पुरतात. परवडणाऱ्या घरांसाठीही मर्यादा 55 वर आणावी असा ‘प्रॉप फाइव्ह’ नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांपुढे आला आणि पडला.

स्थानिक प्रस्तावातील कराचा आकडा दोनदा तपासावा. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातील नऊ काउंट्यांसाठी 20 अब्ज डॉलर्सचा घरबांधणीचा प्रस्ताव 2024 मध्ये तयार होता. त्याच्या मतपत्रिकेवरील मजकुरात वार्षिक कराची रक्कम 67 कोटी डॉलर्स दिली गेली होती. ती चूक असून खरा आकडा 91 कोटींचा असल्याचे पुढे आले, आणि ऑगस्टमध्ये प्रस्तावच मागे घेण्यात आला. भाड्याने राहणाऱ्यांनीही हा कर आपला नाही असे समजू नये, कारण घरमालक तो कालांतराने भाड्यात धरू शकतो.

खूण करताना

राज्यातील प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने येते. ती सावकाश, घरी, पुस्तिका शेजारी ठेवून भरावी. लिफाफ्यावरील सही परवान्यावरील किंवा नोंदणीतील सहीशी जुळावी लागते. आमच्या ओळखीच्या एका काकांनी सवयीने मोडीसारखी वळणदार मराठी सही केली, नोंदणीत इंग्रजी होती, आणि काउंटीकडून खुलाशाचे पत्र आले. ते त्यांनी टपालाच्या ढिगात पडू दिले असते तर मत बाद झाले असते. तसे पत्र आल्यास मुदतीत उत्तर द्यावे, आणि ‘व्हेअर्स माय बॅलट’ या राज्याच्या सेवेवर नाव नोंदवून ठेवावे, म्हणजे मतपत्रिका पोचल्याचा व मोजल्याचा संदेश येतो. शेवटच्या दिवशी टपालपेटीत टाकण्यापेक्षा आधीच काउंटीच्या अधिकृत मतपेटीत टाकणे अधिक खात्रीचे आहे.

दुसऱ्याने काय मत द्यावे हे बैठकीत सांगू नये, असा नियम आम्ही केला आहे. ज्येष्ठांना वाचून दाखवावे, अर्थ सांगावा, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि खूण करताना बाजूला व्हावे.

मंजूर झाल्यानंतर

प्रस्ताव मंजूर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कुदळ पडत नाही. 2024 च्या प्रस्तावातील उपचारकेंद्रांसाठीचा पहिला मोठा हप्ता, सुमारे 3.3 अब्ज डॉलर्सचा, मे 2025 मध्ये जाहीर झाला, म्हणजे मतदानाला चौदा महिने उलटल्यावर. त्यानंतर जागा, आराखडे, बांधकाम. ज्यांना आपल्या मताचे पुढे काय झाले हे पाहायचे आहे, त्यांनी राज्याच्या गृहनिर्माण विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या काउंटीतील मंजूर प्रकल्पांची यादी पाहावी, आणि काउंटीच्या मानसिक आरोग्यसेवेचा त्रैवार्षिक आराखडा मागवावा.

हा आराखडा दुर्लक्षित राहतो, पण 30 टक्के घरांकडे वळवताना कोणती सेवा कमी झाली हे तिथेच लिहिलेले असते. मंजुरीपूर्वी त्याचा मसुदा तीस दिवस लोकांसाठी खुला ठेवावा लागतो आणि त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी लागते. लेखी सूचना कोणीही पाठवू शकते. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे ज्यांना मत देता येत नाही अशा आपल्या लोकांनाही इथे बोलता येते. सुनावणीत प्रत्येकाला एक-दोन मिनिटेच मिळतात, म्हणून पानाचा क्रमांक सांगून एकच प्रश्न विचारावा. काकूंनी आमच्या काउंटीच्या मसुद्यावर पाठवलेली सूचना दोन ओळींची होती. नव्या इमारतीत पहिल्या वर्षी समाजसेवकांच्या किती जागा असतील, आणि दहाव्या वर्षी त्यांचा पगार कोणत्या खात्यातून निघेल, एवढेच त्यांनी विचारले होते.